घरसभेत प्रार्थना करताना नम्रता कशी राखावी? मागणं कमी करावं का?

खानापूरकर
जय ख्रिस्त. आमच्याकडे घरसभेत मराठी-कानडी मिसळ मंडळी असतात. प्रार्थना दोन तऱ्हेच्या ऐकू येतात. काहीजण "प्रभू, आम्ही जाहीर करतो, हे काम झालंच आहे" असं ठासून बोलतात. काहीजण "आम्ही किडे, आम्ही धूळ" एवढा वेळ म्हणत राहतात की मागायचं राहूनच जातं. यातलं नम्र कुठलं? आणि देवावर विसंबायचं म्हणजे आजारपणात, नोकरीच्या खटपटीत आपण हातपाय हलवायचे की नाही? तरुणांना शिकवायचं आहे, म्हणून नेमकं सांगा.

शहापूर_पाळक
भाऊ, लूक 18:9-14 मधली परूश्याची (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाची) प्रार्थना पुन्हा सावकाश वाचा. तो आभार मानतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. हे सगळं खरंही असेल. पण त्यात एकही मागणी नाही. त्याला देवाकडून काही नकोच आहे. जकातदाराची प्रार्थना एका ओळीची, "हे देवा, मज पाप्यावर दया कर", आणि ती सगळी मागणीच आहे. मागणं कमी केलं की नम्रता वाढते, हा समज आधी सोडायला हवा.

'धूळ' म्हणण्यात चूक नाही. अब्राहामही स्वतःला धूळ व राख म्हणतो (उत्पत्ति 18:27), पण एकदाच. मग लगेच सदोम शहराचा नाश होऊ नये म्हणून मागणं पुढे नेतो आणि 50 नीतिमानांवरून थेट 10 पर्यंत येतो. स्वतःला कमी लेखण्यातच पाच मिनिटं गेली, तर ती प्रार्थनाही स्वतःभोवतीच फिरली.

'जाहीर करतो' म्हणणाऱ्यांना मार्क 14:36 मधली येशूची प्रार्थना दाखवा. आधी हाक, "अब्बा, बापा". मग, तुला सर्व शक्य आहे. मग स्पष्ट मागणी, हा प्याला (म्हणजे पुढचं दुःख) माझ्यापासून दूर कर. आणि शेवटी, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. हा क्रम बिघडला की घोटाळा होतो. शेवटचा भाग गाळला तर हुकूम होतो. तोच आधी आणला, तर मागायलाच नको म्हणून पळवाट मिळते. निराश व्हायला लागू नये म्हणून पुष्कळजण तसंच करतात, बघा.

निपाणी_वाचक
पण विश्वासाने मागा, संशय धरू नका, असं याकोब 1:6 सांगतं. मार्क 11:24 तर त्याहून ठाम आहे, जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा म्हणतं. 'तुझी इच्छा असेल तर' म्हणणं हा अविश्वास नाही का?

शहापूर_पाळक
विश्वास कशावर, ते पाहा. दानीएल 3:17-18 मध्ये राजाच्या मूर्तीला नमन न केल्याने भट्टीत टाकले जाणारे तिघे यहूदी म्हणतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही. संशय कुठेच नाही, पण निकाल त्यांनी आपल्या हातात घेतला नाही. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा (त्याला छळणारी पीडा) जावा म्हणून तीन वेळा विनंती केली (2 करिंथ 12:8). काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे" हे उत्तर मिळालं. विश्वास कमी पडला असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आजाऱ्याला "तुझा विश्वास कमी" म्हणणं थांबवा, त्याने माणसं आतून मोडतात.

हातपाय हलवण्याबद्दल नहेम्या 4:9 पुरेसं आहे. यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्यांनी शत्रूंच्या भीतीने प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. गोळ्या बंद करणं म्हणजे विसंबणं नव्हे. मान्ना, म्हणजे रानात इस्राएलांना देवाने दिलेलं अन्न, तोही रोज सकाळी बाहेर जाऊन गोळा करावा लागे, माणशी एक ओमेर, म्हणजे त्या काळचं एक माप (निर्गम 16). उद्यासाठी उरवून ठेवला त्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेत "रोजची भाकर" मागतो ती याच मापाने.

कॅम्प_ताई
तरुणांना स्तोत्र 13 पासून सुरू करा, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत गाऱ्हाणं, 'कोठवर' चार वेळा येतं. 3-4 मध्ये मागणी, 5-6 मध्ये भरवसा. प्रत्येकाने तोच साचा घेऊन स्वतःची चार-पाच वाक्यं लिहावीत. एक अट घाला: मागणीत नेमकी गोष्ट हवी. 'सर्वांना आशीर्वाद दे' चालणार नाही, 'सोमवारच्या मुलाखतीत खरं बोलण्याचं धैर्य दे' चालेल. गाऱ्हाणं गाळू देऊ नका, ते उद्धटपणा नव्हे. देवापुढे सोंग न घेणं तिथेच शिकता येतं.

मराठी-कानडी सभेसाठी 1 करिंथ 14:16 लक्षात ठेवा. ज्याला कळलंच नाही, तो आमेन कसा म्हणेल? वाक्यं छोटी ठेवा, दोन-तीन वाक्यांनंतर थांबा, दुसऱ्याने कानडीत सांगू द्या. त्या थांबण्यात प्रार्थनेचं भाषण होत नाही. 'मी'ऐवजी 'आम्ही' म्हणा, प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर 'आमची' आहे. आणि आजाऱ्याचं नाव त्याला विचारूनच घ्या, रोगाचा तपशील सभेत नको.

खानापूरकर
मिळालं. या रविवारी स्तोत्र 13 ने सुरुवात करतो, कानडी शास्त्रातूनही तेच वाचून घेऊ.