पाच-शून्य हा अपघात नव्हता: मुंबई सिटीच्या ‘पुढचं वर्ष आपलंच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वसईची निळी (३१ मार्च २०२५)

परवा शनिवारी इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या बाद फेरीत आपली मुंबई सिटी बेंगळुरूकडून ५-० हरली, आणि काल नेरुळकरांनी पोस्ट टाकली की शांत राहा, लीगमध्ये सहावा नंबर काही वाईट नाही. संघ नवा होता, प्रशिक्षक क्रात्कीला वेळ द्या, ११ मार्चला बेंगळुरूच्या याच कांतीरवा स्टेडियमवर आपण २-० जिंकलो होतो, बाद फेरीची एक रात्र वाईट गेली, पुढचं वर्ष आपलंच. तिथेच चार ओळी लिहायला बसले होते, पण राग आवरेना, म्हणून वेगळा धागा.

शनिवारी मी बेंगळुरूला होते. मॅच संपल्यावर रात्रीची बस पकडली. चौघं होतो, चौघांच्या अंगावर निळी जर्सी, आणि हुबळीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. सकाळी निपाणी मागे टाकली तेव्हा घराघरांवर गुढ्या उभ्या राहत होत्या. आईचा फोन आला, पाडव्याला कुठे आहेस म्हणून. मला सांगता येईना की पाच गोल खाऊन परत येतेय.

त्या पाच गोलांची नावं बघा. सुरेश वांगजाम, पेनल्टीवर मेंडेझ, रायन विल्यम्स, छेत्री. आणि पाचवा? पेरेरा डियाझ! गेल्या वर्षी ४ मेला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर फायनलला मोहन बागानशी आपल्याला बरोबरी साधून दिली तोच डियाझ. आपण तो कप ३-१ जिंकलो आणि काही आठवड्यांत डियाझ बेंगळुरूला. नोगुएरा बेंगळुरूला. कप उचलणारा कॅप्टन राहुल भेके, तोही बेंगळुरूला. मिडफिल्डचा कणा असलेला अपुइया थेट मोहन बागानला. म्हणजे ज्यांच्याशी झुंजायचं त्यांनाच आपण माणसं दिली.

म्हणून म्हणते, हा हंगाम मार्चमध्ये बिघडला नाही. तो गेल्या उन्हाळ्यात, एकही मॅच व्हायच्या आधी बिघडला. २०२२-२३ मध्ये आपण २० मॅचमध्ये ५४ गोल मारले होते, यंदा २४ मध्ये २९. ११ मार्चचा विजय मलाही गोड लागला, पण त्या २-० ने आपले डोळे झाकले. जानेवारीत जमशेदपूर आपल्या घरच्या मैदानात, अंधेरीत येऊन ३-० करून गेलं, फेब्रुवारीत गोवा ३-१. कोचीला बाद फेरीसाठी नुसता एक पॉइंट हवा होता, तिथे १-० हरलो. आता सांगा, वाईट रात्र एकच होती?

नेरुळकर

पोस्ट माझी, तर उत्तरही मलाच द्यायला हवं. तुमचं दुःख कळतं. मी घरात टीव्हीसमोर होतो, तुम्ही मैदानात होतात, तो मान तुमचा.

पण तक्ता बघा. तिसऱ्या नंबरच्या बेंगळुरूचे ३८ पॉइंट, चौथ्या नॉर्थईस्टचे ३८, पाचव्या जमशेदपूरचे ३८, आपले ३६. तिसरा आणि सहावा यांच्यात एका विजयाचंही अंतर नाही. कोचीला जिंकलो असतो तर आज आपण ३९ वर असतो आणि हीच मंडळी क्रात्कीचे गोडवे गात असती.

दुसरं. तुम्ही २०२२-२३ चं नाव घेतलंत म्हणून विचारतो. १८ मॅच अपराजित राहून आपण लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड घेतली. मग शेवटच्या दोन लीग मॅच हरलो आणि सेमीफायनलला पेनल्टीवर ९-८ ने बाहेर गेलो, तेही बेंगळुरूकडूनच. तेव्हा कोणाला विकलं होतं? स्टुअर्ट होता, डियाझ होता, नोगुएरा होता, अपुइया होता. सगळे असूनही शेवटी पाय लटपटले. त्यानंतर तेव्हाचा प्रशिक्षक बकिंगहॅम अर्ध्या हंगामात ऑक्सफर्डला निघून गेला, स्टुअर्ट गेला, आणि तरी त्याच वर्षी कप आला. तो आणणारा हाच क्रात्की. त्याला एका उन्हाळ्यात नालायक ठरवणं मला पटत नाही.

वसईची निळी

क्रात्कीला नालायक मी कुठे म्हटलं? पुन्हा वाचा. माझा राग माणसं सोडणाऱ्यांवर आहे.

आणि २०२३ ची ती शेवटची दोन लीग मॅच शील्ड खिशात पडल्यानंतरची होती. पेनल्टीचं मात्र कबूल, त्या रात्रीवर माझ्याकडे उत्तर नाही. पण पेनल्टीवर ९-८ हरणं आणि ५-० हरणं एका मापाने मोजू नका. तक्त्याबद्दल म्हणाल तर वरही बघा. मोहन बागान ५६. गेल्या वर्षी त्यांच्यात आणि आपल्यात एका पॉइंटचा फरक होता, ४८-४७. यंदा वीस! तिसऱ्याशी तुलना करून समाधान मानायचं, इतके आपण खाली कधी आलो?

आझादनगर मेट्रो

मला यंदाचे गोल आठवत नाहीत, रिकाम्या खुर्च्या आठवतात. जेमतेम सात हजारांचं मैदान आणि तेही भरत नाही. दोन कोटींच्या शहरात. मी पोराला घेऊन जातो, तो विचारतो, बाबा, बाकीचे लोक कुठे आहेत?

पेठेतला फुलबॅक

आझादनगर, तुमच्या पोराला कोल्हापूरला घेऊन या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी, आमच्या पेठांचे दोन संघ, लागलं की काय असतं ते बघूदे. पेठांतनं हलगी वाजवत माणसं येतात. माझा आजा ऐंशीव्या वर्षी काठी टेकत पायऱ्या चढायचा.

ताई, तुमचं सगळं वाचलं. डियाझ गेला, नोगुएरा गेला म्हणून रडताय. भेकेचं नाव एका ओळीत उरकलं. अवो, तो मुंबईचा पोरगा! बंद पडलेल्या मुंबई एफसीत खेळलेला, मराठी, कॅप्टन. हातात कप घेतला आणि गेला. त्याच्या जाण्याचं दुःख अर्जेंटिनाच्या माणसापेक्षा जास्त व्हायला नको? संघाच्या नावात मुंबई, आणि आत मराठी बोलणारी पोरं किती? बोटं मोजायला एक हात पण लागत नाही. मग खुर्च्या रिकाम्याच राहणार.

अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. कोल्हापूरचा. त्याच्यानंतर आमच्या पेठांत काय पोरं जन्मलीच नाहीत काय? माझ्या भाच्याला एका मोठ्या क्लबच्या चाचणीला नेलं होतं. रात्रभर एसटीत बसून पहाटे उतरलो. तीनशे पोरं, प्रत्येकाला दहा मिनिटं. पोराला चेंडू दोनदा लागला, आणि ‘कळवतो’ म्हणाले. चार वर्षं झाली, अजून कळवतायत.

वसईची निळी

भेकेबद्दल बोललात ते लागलं. खरंच एका ओळीत उरकलं मी, ते चुकलं. पण तो मराठी आहे म्हणून मी रडणार नाही, तो आपला सगळ्यात भरवशाचा बचावपटू होता म्हणून रडीन. छांगते मिझोरामचा, बिपिन मणिपूरचा, फुर्बा सिक्कीमचा. माझ्यासाठी ते तिघं वसईच्या पोरांइतकेच मुंबईचे आहेत. हे शहर बाहेरून आलेल्यांनीच उभं केलंय. संघात मराठी किती हे मोजायला लागलो तर मग पुढे काय काय मोजायचं?

पेठेतला फुलबॅक

झालं. गावाकडच्यानं आपल्या पोरांसाठी तोंड उघडलं की लगेच त्याला संकुचित ठरवायचं. मी छांगतेला हाकला म्हटलं का? तीनशे किलोमीटरवर एवढं वेड आहे, तिथं क्लबचा एक माणूस वर्षातनं एकदा तरी येऊन बसतो का, एवढंच विचारलं. वसईत बसून मोठ्या मनाच्या गप्पा मारायला काय जातंय?

वसईची निळी

वसईत बसून? माझे वडील तामतलावच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळलेत. आमच्याकडे पण वेड आहे, आणि आमच्याकडे पण कोणी बघायला येत नाही. आणि तुमच्या पेठांच्या संघांनी बाहेरचे खेळाडू आणले नाहीत का? परदेशीसुद्धा आणलेत. तिथे चालतं आणि अंधेरीत चालत नाही? मैदानात मारामाऱ्या होऊन मॅच थांबतात ते वेगळंच.

मडगांवकार

भांडा, भांडा. तोवर गोंयकार म्हणून दोन शब्द बोलतो.

भेकेचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून कालवतं. १७ मार्च २०१९, तुमच्या अंधेरीतच फायनल, आमचा गोवा विरुद्ध बेंगळुरू, जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला त्याचं हेडर. आम्ही मडगावहून चाळीस जण आलो होतो. आणि गेल्या वर्षी २४ एप्रिलला सेमीफायनलमध्ये आमच्याच फातोर्ड्याला नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही २-० पुढे, आणि तुम्ही भरपाईच्या वेळेत ३-२ करून गेलात. माझा काका स्टँडमध्येच खाली बसला, त्याला दोघांनी धरून घरी नेलं. शेवटच्या क्षणाचं दुःख काय ते आम्हाला विचारा. पाच-शून्य बरं, निदान अर्ध्या वेळेत कळतं.

पण कोल्हापूरवाल्याचं एक खरं आहे. आमच्याकडे ब्रँडन होता तेव्हा गावच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, त्याच्याबद्दल भांडणं व्हायची, कारण भांडणाऱ्यांतला एक तरी त्याला लहानपणापासून ओळखायचा. तो तुमच्याकडे गेला तेव्हा गावाला घरचा पोर परगावी गेल्यासारखं वाटलं. त्याने गोल वाढत नाहीत, मान्य. पण संघ सहावा आला तरी माणसं मैदान सोडत नाहीत.

बुधवारी आमची गाठ त्याच बेंगळुरूशी आहे. देव बरें करूं.

कूपरेजचा म्हातारा

तुम्ही सगळे तरुण आहात म्हणून पाच गोलांवर रडता. माझा क्लबच गेला. महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, मी कूपरेज मैदानावर बघितलाय तो संघ. २०१० मध्ये बंद केला. मग मुंबई एफसीला जीव लावला, २०१७ मध्ये तोही आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. या शहरात फुटबॉल क्लब हरत नाहीत, बंद पडतात. म्हणून हा क्लब सहावा आला तर मी देवापुढे दिवा लावतो की अजून आहे.

मात्र एक प्रश्न मला छळतो. खालिद जमील महिंद्रात खेळला, मुंबई एफसीला त्याने वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशात लीगमध्ये टिकवलं. इथून गेला आणि पहिल्याच हंगामात आयझॉलला चॅम्पियन केलं. २०२४-२५ च्या या हंगामात तो जमशेदपूरचा प्रशिक्षक होता. तुम्ही बसमध्ये होतात त्याच पाडव्याला त्याच्या संघाने शिलाँगला जाऊन नॉर्थईस्टला २-० हरवलं आणि सेमीफायनल गाठली. मराठी-अमराठी सोडा. या शहराच्या मैदानांवर घडलेला प्रशिक्षक या शहराच्या क्लबला का दिसत नाही?

नेरुळकर

काका, खालिदबद्दल आदर आहेच. पण त्याच्या संघाने लीगमध्ये आपल्यापेक्षा दोनच पॉइंट जास्त मिळवले. दोन पॉइंटांवर प्रशिक्षक बदलायचा?

कूपरेजचा म्हातारा

त्याच्याकडे कोणते खेळाडू होते आणि आपल्याकडे कोणते, तेही मोजा.

नेरुळकर

मोजले. ठीक आहे, तो मुद्दा तुमचा.

पेठेतला फुलबॅक

ताई, तुमच्या वडिलांचं माहीत नव्हतं. वसईत बसून म्हटलं ते मागं घेतो. बाहेरचे खेळाडू आमच्या संघांनीही आणलेत, खोटं कशाला बोलू. आणि त्यामुळं पेठेतली दोन पोरं बेंचवर बसली, तेव्हाही मी तालमीत असाच भांडलोय. मारामाऱ्यांचं मात्र काढायला नको होतं. लाज आम्हालाही वाटतीच.

वसईची निळी

ते मीही मागे घेते. तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं.

नेरुळकर, तुमच्या-माझ्यात मिटलेलं नाही. तुम्ही ‘वेळ द्या’ म्हणता, मी विचारते कोणाला वेळ द्यायचा? व्हॅन नीफ चांगला आहे, त्याच्याभोवती संघ उभा राहू शकतो. कारेलिसने गोल मारले. नेथन रॉड्रिग्जसारखं पोर मोहन बागानविरुद्ध शेवटी येऊन बरोबरीचा गोल मारून जातं, त्याला अजून खेळवा. पण छांगते, मेहताब, फुर्बा, बिपिन, विक्रम यांच्यातला एक जरी या उन्हाळ्यात दुसऱ्या मोठ्या क्लबला गेला, तर तुमचं ‘पुढचं वर्ष’ संपलं. मी जूनमध्ये हाच धागा वर काढणार आहे.

नेरुळकर

काढा. यातले दोन गेले तर मी इथेच सगळ्यांसमोर लिहीन की माझं चुकलं. एक गेला तर नाही, प्रत्येक क्लबमधून एखादा जातो.

वसईची निळी

छांगते गेला तर तो एक पुरे आहे.

नेरुळकर

छांगते गेला तर मीच येऊन धागा वर काढेन.

आझादनगर मेट्रो

कोल्हापूरवाले, पाटाकडील-शिवाजीची तारीख ठरली की कळवा. पोराने वाचलं, आणि तेव्हापासून हलगी म्हणजे काय ते विचारतोय.