रॅप की सोलता येणारं कोटिंग?
पांढरी गाडी मॅट राखाडी करायची तर रॅप (गाडीवर चिकटवायची रंगीत व्हायनिल फिल्म) बरा की सोलता येणारं कोटिंग (फवारून लावायचा, नंतर सोलून काढता येणारा थर), असं एकाने विचारलंय. पूर्ण गाडी असेल तर माझं मत रॅपला, तेही कास्ट व्हायनिलच, म्हणजे द्रवरूपात ओतून बनवलेलं. स्वस्तातलं कॅलेंडर्ड (रोलरमध्ये दाबून बनवलेलं) व्हायनिल वळणांवर आकसतं, कडा उचलतात. प्लास्टी डिपसारखं रबरी कोटिंग चाकांना झकास. पण पेट्रोल त्याचं वैरी. पंपावर झाकणाखाली चार थेंब ओघळले की डाग पडलाच! शिवाय थर पातळ बसला तर सलग सोलून निघत नाही, नखाने खरवडत बसा. आणि हो, एखादं पॅनल आधी रंगवलेलं असेल तर रॅप काढताना तो रंगही सोबत येऊ शकतो. आरसीवर रंग ‘पांढरा’ आहे ना? मग आरटीओची परवानगी आधी, रॅप नंतर.