शब्दचर्चा : ‘परमेश्वराच्या ठायी आनंद’ म्हणजे नक्की कुठे?

शेवंती
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या महिला संघाला नव्या वर्षासाठी एक वचन आणि त्यावर छोटं टिपण छापायचं आहे. विषय ठरला: घरातल्या सुखसोयींत नव्हे, देवात आनंद शोधणं. वचनही ठरलं, बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र ४:४, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’.

गाडी अडलीय मथळ्यावर. ‘देवातलं सुख’ लिहावं की ‘देवातला आनंद’? एका बाईंचं म्हणणं, सुख लिहा, बायकांना लगेच कळतं. दुसऱ्या ‘हर्ष’वर अडून बसल्यात, कारण तो शास्त्रातला. त्यात माझी सून म्हणते, “आई, आनंद करा असं कोण बोलतं? आनंद होतो. करतात ती मजा.” जाणकारांनी सांगावं.

ठसा
सूनबाईंचा कान तयार आहे. मी ख्रिस्ती नाही, व्याकरणापुरतं बोलतो.

‘मला आनंद झाला’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाहीच. मला भूक लागते, मला राग येतो, मला थंडी वाजते, तसाच मला आनंद होतो. तो बाहेरून येतो आणि मी फक्त तो येण्याची जागा. बिघडलेला फ्रीज सुरू झाला, आनंद झाला. महिन्याने पुन्हा बंद पडला, गेला. ‘आनंद करा’ म्हटलं की कर्ता तुम्ही होता. प्रयोग परका नाही, ‘साजरं करणं’ या अर्थाने तो मराठीत आहेच. पण एकट्या माणसाला, काहीही घडलेलं नसताना ‘आनंद कर’ सांगितलं तर विचित्र वाटतं हे खरं. ते विचित्र वाटणं मी काढून टाकणार नाही. वचनाचा मुद्दा बहुधा तोच असावा.

जुनी पोथी
ठसा, अगदी तोच.

सुख की आनंद याचा निकाल माझ्या मते २ करिंथ ६:१० मध्ये (करिंथकरांस दुसरं पत्र) लागतो. प्रेषित पौल, फिलिप्पैकरांस पत्र लिहिणाराही तोच, स्वतःचं आणि सोबत्यांचं वर्णन करतो, दुःखी, तरीही सदा आनंद करणारे. तिथे ‘सुख’ घालून पाहा. ‘दुःखी, तरीही सदा सुखी’. वाक्य कोसळतं, कारण सुख आणि दुःख एकाच तराजूची दोन पारडी आहेत. आनंदाची दुःखाशी अशी घट्ट जोडी नाही, म्हणून तो दुःखाशेजारी बसू शकतो. मथळ्यातून ‘सुख’ बाद.

आता ‘आनंद’. लूकच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या गोष्टीतला धनवान शेतकरी आठवा. पीक अमाप आलं, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत केला आणि स्वतःच्या जिवाला म्हणाला, विसावा घे, खा, पी, आनंद कर. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. मराठीत त्याचा ‘आनंद कर’ आणि पौलाचा ‘आनंद करा’ एकच. ग्रीकमध्ये शेतकऱ्याचं क्रियापद वेगळं, एउफ्राइनो, मेजवानीचा रंग असलेलं. पौलाचं खाइरो. लगेच एक पवित्र नि एक पापी असं मात्र करू नका, तो मोह प्रवचनात फार होतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप शेवटी दोन्ही क्रियापदं एकत्र वापरतो. शेतकऱ्याचं चुकलं ते आनंद करण्यात नाही. त्याने आनंद ठेवला कोठारात.

म्हणून या सगळ्यात वजनदार शब्द आनंद नाहीच. ‘ठायी’ आहे, ‘मध्ये’ आहे. ‘ठायी’ हा ठाय-ठाव कुळातला, मुळाशी ‘स्थान’. एके ठायी बसणं, ठायी ठायी, ठावठिकाणा, सगळे सगेसोयरे. जुन्या करारातला संदेष्टा हबक्कूक, त्याच्या पुस्तकात ३:१७-१८ मध्ये यादी येते: अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेत पिकलं नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. ही चैन नव्हे हो, ही त्या माणसाची वर्षाची बेगमी आहे. आणि मग ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन’. हिब्रूत तिथे ‘ब’ हे एवढंसं उपसर्गासारखं अक्षर आहे. मराठीकारांनी ‘परमेश्वरामुळे’ लिहिलं असतं तर देव हे कारणांच्या यादीतलं आणखी एक कारण झाला असता, गोठा गेला पण देवाने दुसरं काहीतरी दिलं, असं. ‘ठायी’ने तो आनंदाचा पत्ता झाला.

आणि फिलिप्पैचं पत्र लिहिताना पौल बंदिवासात होता. त्याच फिलिप्पै गावात पूर्वी त्याला नि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते दोघे स्तोत्रं गात होते (प्रेषितांची कृत्ये १६). पत्र ज्यांना वाचून दाखवलं गेलं त्यांना हे ठाऊक असणार. ‘सर्वदा’ हा शब्द त्यांच्या कानाला पोकळ लागला नसेल.

वसईची केळी
आमच्याकडे कॅथलिकांत आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार आनंदाचा. इतर तीन मेणबत्त्या जांभळ्या, त्या दिवसाची गुलाबी. फादरांचा झगाही गुलाबी असू शकतो. लॅटिनमध्ये त्याला ‘गाउदेते’ म्हणतात, म्हणजे हेच फिलिप्पै ४:४, ‘आनंद करा’. गंमत बघा, प्रायश्चित्ताच्या काळात अधेमध्ये तो येतो.

पण शेवंतीताई, तुमच्या विषयातलं ‘नव्हे’ मला खटकतंय. पावसात भिजून घरी आल्यावर वाफाळता चहा मिळाला तर त्यात देवाला काय अडचण? १ तीमथ्य ६:१७ मध्ये स्पष्ट आहे, देव आपल्याला उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो. चक्क ‘उपभोग’.

जुनी पोथी
बरोबर, आणि त्याच वचनात आधी काय आहे? चंचल धनावर आशा ठेवू नका. चहा प्यावा. त्याच्यावर आशा ठेवू नये.

‘उपभोग’ काढलात म्हणून सांगतो. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने लॅटिनमधल्या दोन क्रियापदांवर सगळी मांडणी केली, ‘फ्रुई’ आणि ‘उती’. मराठीत नेमकी जोडी आहे, उपभोग आणि उपयोग. त्याचं म्हणणं, केवळ त्याच्यासाठीच ज्याचा उपभोग घ्यावा असा एक देवच, बाकीच्यांचा उपयोग करावा, त्याच्याकडे जाण्यासाठी. आपलं उलटं होतं. वस्तूंचा उपभोग आणि देवाचा उपयोग. मंडळीत साक्षीच्या वेळी, देवाने काय केलं ते लोक सांगतात तेव्हा, ऐकत चला. देवाने नोकरी दिली, फ्लॅट दिला, मुलाला व्हिसा दिला. आभार मानलेच पाहिजेत, पण देवाचंच अप्रूप वाटतंय अशी साक्ष मी क्वचित ऐकली. (पाळकांच्याही तोंडून.)

अडचण एवढीच की ‘देवाचा उपभोग’ मराठीत लिहवत नाही. उपभोक्ता, उपभोग्य वस्तू, शब्द पार बाजारात गेलाय.

ठसा
‘आस्वाद’?

जुनी पोथी
चांगला आहे. स्तोत्र ३४:८ मध्ये हिब्रूत सरळ ‘चाखा’ आहे. प्रचलित मराठी अनुवादात ‘अनुभव घेऊन पाहा’ झालं. अर्थ गेला नाही, पण जीभ गेली.

पायवाट
मध्येच बोलते. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ‘आनंद करा’ हे वचन पाठवू नका, कृपा करून. मला आलंय ते, तेही फुलांच्या चित्रावर.

जुनी पोथी
मान्य. हबक्कूकाच्या त्या ‘तरी’च्या आधी, सोळाव्या वचनात, त्याचे ओठ थरथरतात आणि हाडं सडल्यागत होतात. तो भाग कोणी चित्रावर छापत नाही. आणि ‘हर्ष करीन’ हे त्याने स्वतःबद्दल म्हटलंय, शेजाऱ्याला सांगितलेलं नाही.

शेवंती
सगळ्यांचे आभार. पायवाटताई, सोळावं वचन टिपणात घेते. मथळा ‘परमेश्वराच्या ठायी आनंद’. ‘नव्हे’ काढलं. सून म्हणतेय ‘ठायी’ आजकाल कोणाला कळतं, तर खाली एका ओळीत अर्थ देऊ. छापखान्यात उद्या द्यायचंय. ‘ठायी’ की ‘ठाई’?

ठसा
ठायी. आणि ‘च्या’ आधीच्या शब्दाला जोडून, ‘ठायी’ सुटा. नाहीतर छापखाना सगळं एकत्र करून देईल.