कृपा कमवायची नसते

‘मग तुम्हा ख्रिस्ती लोकांत पाप-पुण्याचा हिशोब कसा चालतो?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून माझ्यापुरतं सांगते.

माझ्या श्रद्धेत तो हिशोब मी फेडायचाच नाही. बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची दाखल्याची गोष्ट आहे. सगळं उडवून बसलेला मुलगा घरी निघतो आणि वाटेत बोलणं ठरवतो: मी पाप केलंय, पुत्र म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. पण बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो, पण मोलकऱ्याचं वाक्य तोंडातून निघायच्या आतच बाप झगा आणि अंगठी मागवतो. ते न बोललं गेलेलं वाक्य, तीच माझ्यासाठी कृपा. चांगलं वागायचं ते नंतर, घरात घेतलं म्हणून. घरात घ्यावं म्हणून नाही.

त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला आजही पूर्ण उलगडत नाही. तरी प्रार्थना थांबत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला एक बाप एका दमात ‘विश्वास आहे’ही म्हणतो आणि ‘अविश्वास घालवा’ही, येशू त्याला परत पाठवत नाही.

आणि ‘परका धर्म’ म्हणाल, तर आमच्या नगरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आजी पेटी-तबल्यावर कवी ना. वा. टिळकांची भजनं गायची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. मी त्याच मराठीत गुडघे टेकते.