‘मेनो’मधला गुलाम मुलगा: सॉक्रेटिसने त्याला शिकवलं की नाही?

पाटीपेन्सिल

घरी सहावी-सातवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. गेल्या महिन्यात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचला आणि त्यातल्या एका जागी मन अडकून बसलंय.

त्यात मेनो नावाचा तरुण सॉक्रेटिसला विचारतो, जी गोष्ट काय आहे हेच माहीत नाही, ती शोधायची कशी? आणि समजा सापडली, तरी हीच ती, हे ओळखायचं कशावरून? सॉक्रेटिस म्हणतो, आत्म्याला सगळं आधीपासून ठाऊक असतं, शिकणं म्हणजे आठवणं. ते दाखवायला तो मेनोच्या एका गुलाम मुलाला पुढे बोलावतो. दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार. आता आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती?

हाच प्रश्न मी माझ्या भाच्याला घातला. सहावीत आहे. आमच्या मागच्या पडवीत शहाबादीच्या चौकोनी लाद्या आहेत. दोन बाय दोन लाद्यांभोवती खडूने रेघ मारली आणि म्हटलं, याच्या दुप्पट जागेचा चौरस काढ. “बाजू दुप्पट कर की मावशी!” चार बाय चार त्यालाच आखायला लावलं. बोट ठेवून मोजत गेला, सोळा. “हे तर चौपट झालं.” मग म्हणाला, तीन. मोजल्या, नऊ. “एक लादी जास्त होतेय.” प्लेटोचा मुलगाही आधी चार म्हणतो, मग तीन. तीच दोन उत्तरं, त्याच क्रमाने! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

पुढे त्याने अडीच करून पाहिलं. सव्वासहा. मग उकिडवा बसून नुसता लाद्यांकडे बघत राहिला. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मला राहवेना, कर्ण मीच आखून दिला.

आणि संवादात नेमकं हेच आहे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रेघ सॉक्रेटिसच पुढे आणतो, मुलगा फक्त हो हो म्हणतो. मग “मी शिकवत नाही, नुसतं विचारतोय” हे म्हणणं कसं टिकतं? गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये. कोणी नीट उलगडून सांगेल का?

अनुमान

ताई, तुमची शंका रास्त आहे. कर्ण सॉक्रेटिसनेच दाखवला, आणि जाणकार याला कर्ण म्हणतात हेही त्यानेच सांगितलं. पण जरा मागे जाऊन पाहा: ‘चार’ हे उत्तर चुकलंय, असं भाच्याला कोणी सांगितलं? तुम्ही नाही. त्याने स्वतः मोजलं आणि स्वतःचं उत्तर स्वतःच मागे घेतलं.

सॉक्रेटिसची उलटतपासणी ती हीच. ग्रीकमध्ये तिला एलेंखोस म्हणतात. समोरच्याचं एक विधान घ्यायचं, त्यालाच मान्य असलेल्या दुसऱ्या गोष्टी त्याच्याकडून वदवून घ्यायच्या, आणि दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही हे त्यालाच दिसू द्यायचं. पडवीत घडलेलं अनुमान असं मांडता येईल: बाजू चार असेल तर क्षेत्रफळ सोळा येईल, क्षेत्रफळ सोळा चालणार नाही, आठच हवंय, म्हणून बाजू चार नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या क्रिसिप्पसने ज्या पाच अनुमानांना वेगळी सिद्धता लागत नाही असं मानलं, त्यातलं दुसरं याच घाटाचं आहे: पहिलं असेल तर दुसरं, दुसरं नाही, म्हणून पहिलं नाही. ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’ छापाचं ॲरिस्टॉटलचं संविधान (सिलॉजिझम, दोन विधानांवरून तिसरं काढायची रीत) ‘माणूस’, ‘मर्त्य’ अशा पदांच्या नात्यावर चालतं. हे मात्र अख्ख्या विधानांवर चालतं, आणि सहावीतला मुलगा नाव न घेता ते वापरतो.

तो उकिडवा बसून राहिला, त्या अवस्थेला ग्रीकमध्ये अपोरिया म्हणतात, पुढे वाट नसणं. सॉक्रेटिस तिथे थांबून मेनोला विचारतो, याचं काही नुकसान झालं का? मघाशी याला वाटत होतं की आपल्याला येतं, आता निदान येत नाही हे कळलंय. समोरच्याला गोंधळवून गप्प करतो म्हणून मेनोने आधी सॉक्रेटिसलाच बधिर करणाऱ्या माशाची उपमा दिलेली असते, तिचं उत्तर इथे मिळतं. मला विचाराल तर तुमच्या भाच्याची ती दोन-तीन मिनिटं हा त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग होता.

जुना फळा

तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून लिहितो. अडीच करून पाहिलं हे वाचून फार बरं वाटलं. सव्वादोन, पावणेतीन, कोणताही अपूर्णांक घेतला असता तरी जमलं नसतं, कारण ती बाजू अपूर्णांकात बसतच नाही. म्हणूनच सॉक्रेटिस मुलाला म्हणतो, आकड्यात सांगायचं नसेल तर कोणती रेघ ते दाखव. हे वाक्य बरेच जण वाचून पुढे जातात. माझ्या मते सगळा प्रसंग त्यावर तोललेला आहे.

ती अपूर्णांकात का बसत नाही, याची सिद्धता ॲरिस्टॉटल आपल्या तर्कग्रंथात उदाहरण म्हणून देतो: कर्ण आणि बाजू एकाच मापाने पूर्ण मोजता येतात असं धरलं, तर विषम संख्या सम ठरते. म्हणजे गृहीतच चुकलं. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही चौरसाचा कर्ण दुप्पट जागा करतो असं स्पष्ट सूत्र आहे. वेदी दोरीने आखणाऱ्यांना ते हवंच होतं.

आता उपाय. पुढच्या वेळी रेघ मारू नका. चौरस कागद द्या आणि चारही कोपरे मध्यावर दुमडायला सांगा. आत लहान चौरस उरतो. उलटा करून विचारा, हा आधीच्याच्या किती? मुलं कागद उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. घडी त्यांच्या हातची असते.

ओसरी

मला एक गोष्ट टोचते. मुलाला बोलावल्यावर सॉक्रेटिस आधी विचारतो, हा ग्रीक आहे ना, ग्रीक बोलतो ना? मेनो सांगतो, हो, घरातच जन्मलाय. भाषा आणि मोजणी त्याला कुणाकडून तरी मिळालीच होती, भूमिती तेवढी कोणी शिकवली नव्हती. आणि अख्ख्या संवादात त्याला नाव नाही. काम झाल्यावर तो कुठे जातो, तेही नाही. मी दर वेळी वाचताना तिथे थांबते.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरी, नावाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता ते विसरणार नाही.

सर, रविवारी कागद दिला. चार लाद्यांच्या बाजूएवढा, जुन्या कॅलेंडरच्या पानातून कापलेला. दुमडल्यावर तो म्हणाला, “अर्धा झाला. कागद सगळीकडे दुहेरी आहे ना.” मी काही बोलले नाही. त्याने कागद उघडून तो मोठ्या चौरसावर कडेला कड जुळवून ठेवला, घड्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, “सोळाचे अर्धे आठ. ही तिरकी बाजू!”

अनुमान, तुमचं वाचल्यावर पुस्तकात पुढचं पानही पुन्हा पाहिलं. सॉक्रेटिस सांगतो की मुलाची ही मतं आत्ता स्वप्नासारखी जागी झाली आहेत. हेच अनेकदा, अनेक तऱ्हांनी विचारलं तर शेवटी त्याला इतर कोणाइतकंच पक्कं कळेल. म्हणजे ‘हो’ म्हणणं म्हणजे ज्ञान, असा त्याचाही दावा नाही. संवादाच्या शेवटाकडे तो म्हणतो की खरं मत डायडालस या दंतकथेतल्या ग्रीक शिल्पकाराच्या चालत्या पुतळ्यांसारखं असतं, कारणाने बांधून ठेवलं नाही तर पळून जातं.

म्हणून काल कागद न देता वेगळा प्रश्न घातला. तीन बाय तीन लाद्या, नऊ. दुप्पट कर. त्याने सहा बाय सहा आखून घेतलं, मधोमध दोन रेघा मारून चार भाग केले आणि प्रत्येकात एक कर्ण ओढला. “अठरा.” मोजलं नव्हतं. मी विचारलं, कशावरून?

“प्रत्येक नऊचा अर्धाच आत आलाय. आणि नऊ चार आहेत, मावशी.”