उडत्या पक्ष्याला १/३२००, ऑटो आयएसओ, आणि बाकी कॅमेरा बघून घेतो?

माळमारुतीकर: कालपासून ती पोस्ट सगळे पुढं ढकलायलेत, म्हणून लिहितोय. "उडता पक्षी? १/३२००, ऑटो आयएसओ, बाकी कॅमेरा बघून घेतो. मॅन्युअल म्हणजे नुसती मिरवामिरवी." (१/३२०० म्हणजे शटर सेकंदाच्या बत्तिसशेव्या भागापुरतंच उघडतं; आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, ऑटोत ते कॅमेरा ठरवतो; मॅन्युअलमध्ये सगळे आकडे आपणच लावायचे.) बघून घेतो म्हणे! राकसकोपच्या तलावावर बगळा उठला की मागं आधी आभाळ, मग गर्द झाडी, मग चकाकणारं पाणी. आभाळ आलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजेड तोडतो, पक्षी काळा. झाडी आली की वाढवतो, पिसं जाऊन नुसता चुना. अहो, बगळ्यावरचं ऊन तेच आहे, बदललं ते मागचं! कडक स्वच्छ उन्हात १/३२००, लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) ६.३, आयएसओ ४०० लावा आणि डायलवरचा हात काढा. आणि करकोच्याला १/३२०० कशाला? एवढे मोठे पंख, १/१२५०ला भागतं. ते आकडे सुरय आणि भिंगरीसारख्या चपळ पाखरांना ठेवा.

वडगावकर: पोस्ट माझीच. मिरवामिरवी झोंबलेली दिसतेय. कडक स्वच्छ ऊन बेळगावात जून ते सप्टेंबर कुठं मिळतं, तेही सांगून टाका की. घटकेत ढग, घटकेत उघडीप. तुम्ही डायल फिरवेपर्यंत घार खानापूर गाठते. मी ऑटो आयएसओवरच राहतो, मागं आभाळ असलं की प्लस एक देतो, म्हणजे फोटो एक पायरी उजळ. नवख्या पोराला पहिल्याच दिवशी तीन आकडे पाठ करायला लावलात तर तो कॅमेरा विकून मोकळा होईल.

निपाणीचा गडी: दोघांकडं पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणारा मिररलेस कॅमेरा, म्हणून भांडायला सवड आहे. माझी जुनी बॉडी आयएसओ १६००च्या वर फोटोत नुसता रवा, म्हणजे दाणे, पाडते. सकाळी सातला १/३२०० लावायचं म्हणजे फोटो नको, उपमाच करा.

करकोचावाली: सेटिंग राहू दे. त्या पोस्टीतल्या फोटोत धुपदाळच्या पाण्यावरचा करकोच्यांचा अख्खा थवा एकदम उठलाय आणि निम्मे पक्षी कॅमेऱ्याकडं पाठ करून पळताहेत. उठला की उठवला?

वडगावकर: एकदा टाळी वाजवली. लगेच कोर्टात उभं करणार काय?

करकोचावाली: करायला हरकत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हाका घालणं, म्हणजे जनावर-पाखरू हाकलणं, शिकारीतच मोजलंय. हजारो मैल उडून आलेला पक्षी दुपारी पाण्यावर टेकतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता!

वडगावकर: आणि हरभऱ्यातनं डबे वाजवून हाकलणारे शेतकरी? त्यांनाही सांगा की कायदा.

करकोचावाली: आमचे बाबाच डबा वाजवायचे. पहाटे बांधावर बसायचे, थवा उतरला की ठणाणा. त्यांचा दाणा जायचा ओ, तुमचं काय जात होतं? लाइक?

निपाणीचा गडी: जोरात बसली.

वडगावकर: तुम्ही मधे पडू नका. मोठे फोटोग्राफर बोटीतनं थव्यात घुसतात तेव्हा कुणाच्या तोंडातनं शब्द फुटत नाही.

करकोचावाली: त्यांनाही हेच सांगते, तोंडावर. उठवायची गरजच काय? करकोचे सकाळी शेतात चरतात, ऊन चढलं की पाण्यावर येतात, म्हणजे येणारच आहेत. वाऱ्याकडं तोंड करूनच पक्षी उतरतो. हिवाळ्यात आपल्याकडं बहुतेक पूर्वेचं वारं, सकाळचं ऊनही पूर्वेचंच. पूर्वेला पाठ करून गप बसायचं, तो स्वतःहून तोंड दाखवत येतो. टाळीनं पाठच मिळते, ती मिळालीच आहे तुम्हाला.

माळमारुतीकर: आणि उन्हाळ्याकडं कलल्यावर हिडकल धरणावर भर दुपारी लांबचा पक्षी मऊ, धूसर येतो, म्हणून लेन्सला शिव्या घालू नका. तापलेली हवा हलते, त्याला कुठलंच बटण नाही.

वडगावकर: बरं बाई, वारं मान्य. टाळी बंद, हात खिशात. ऑटो आयएसओ मात्र सोडणार नाही.

माळमारुतीकर: पावसाळ्यात वापरा, कोण अडवतंय? बगळ्याला तेवढं झाडी मागं आली की मायनस द्या. तुमच्या पोस्टीत नुसतं प्लस आहे.

वडगावकर: मायनस लिहायचं राहिलं. लगेच मॅन्युअल जिंकलं असं समजू नका.

निपाणीचा गडी: माझ्या रव्याचं कोण बोलणार?

माळमारुतीकर: करकोच्याला १/१२५०वर उतरा, सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड वाचतो. आणि अंधारा काढून घरी उजळत बसू नका, रवा तिथंच वर येतो. तरी भागलं नाही तर आठ वाजता जावा की, सातचा हट्ट कशाला?

निपाणीचा गडी: आठला ऑफिस असतंय ओ.