'आत्मवंचना' नेमकी कुठे वापरायची?

प्रश्न : जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' (१८९९) या लघुकादंबरीवर लिहायला घेतलंय आणि एका शब्दापाशी अडलेय. आफ्रिकेत हस्तिदंत गोळा करणारा कर्ट्झ स्वतःला फसवतो, त्याची गोष्ट सांगणारा मार्लोही थोडाफार फसवतोच. दोघांनाही 'आत्मवंचना' म्हणायचं? की 'भ्रम' चालेल?

उत्तर : भ्रम आधी बाजूला काढा. क्रियापदच पाहा ना: भ्रम 'होतो', आत्मवंचना 'करतात'. खरं दाखवलं की भ्रम फिटतो. बोटीवरून मार्लोला कर्ट्झच्या घरापुढचे खांब दिसतात. टोकाला शोभेचे गोळे असावेत असं त्याला वाटतं. मग दुर्बीण लावतो आणि फटका चुकवावा तशी त्याची मान मागे जाते. ती माणसांची मुंडकी असतात, एक सोडून सगळ्यांची तोंडं घराकडे. मार्लोचा भ्रम तिथे संपला. घरात राहणाऱ्याला मात्र कधीच दुर्बीण लागत नव्हती. तुमचा 'आत्मवंचना' हा शब्द त्याच्यासाठी, कर्ट्झसाठी.

जाता जाता: 'वंचना' आणि 'वंचित' एकाच धातूचे. वंचित म्हणजे मुळात फसवला गेलेला. 'ज्याला मिळालं नाही तो' हा अर्थ नंतर चिकटला.

दुसरं मत : कर्ट्झला सरळ 'दांभिक' का म्हणू नये? रानटी चालीरीती बंद पाडू पाहणाऱ्या संस्थेसाठी सतरा पानांचा उदात्त अहवाल लिहायचा आणि खाली 'या सगळ्या जनावरांना संपवा' असं खरडायचं! शिवाय बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या काँगोत (१८८५ ते १९०८) लुटीलाच सुधारणा म्हणत होते. कॉनरॅड १८९० मध्ये तिथे जाऊन आला होता, त्याने हा दंभ जवळून पाहिला असणार.

उत्तर : राजाला दांभिक म्हणा, माझी हरकत नाही. कर्ट्झला नको. दांभिकाला आपलं दुसरं तोंड ठाऊक असतं, तो ते जपून झाकतो. कर्ट्झ ती शेवटची ओळ विसरूनच गेलेला दिसतो. उलट 'माझा अहवाल नीट सांभाळा' म्हणून मार्लोच्या मागे लागतो. ओळ फाडून टाकतो तो मार्लो. लिहिणाऱ्याला ती लपवायचंही सुचत नाही, म्हणून मला इथे आत्मवंचनाच नेमकी वाटते.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि कंपनीचा तो इस्त्रीच्या कॉलरचा हिशेबनीस? आजारी माणूस शेजारी कण्हतोय, आणि हा म्हणतो की कण्हण्याने लक्ष उडतं, नोंदी चुकतात.

उत्तर : तो कानाडोळा.

दुसरं मत : राहिला मार्लो. खोट्याचा आपल्याला तिटकारा आहे असं सांगणारा हाच माणूस कर्ट्झच्या वाग्दत्त वधूला सांगतो की त्याने शेवटी तुमचंच नाव घेतलं. खरे शब्द होते 'भयानक! भयानक!'

उत्तर : ते साधं खोटं, त्याला जड शब्द नको. आपण खोटं बोलतोय हे त्याला बोलतानाच कळतंय. घर डोक्यावर कोसळेल असं त्याला वाटतं, आणि कोसळत नाही. मला ती बाई जास्त अवघड वाटते. 'मला ठाऊकच होतं' असं ती म्हणते. म्हणजे हवं ते उत्तर तिने आधीच धरून ठेवलं होतं, मार्लोने फक्त होकार दिला. तिला जुन्या अर्थाने 'वंचित' म्हणावं की आत्मवंचना तिच्याही पदरात टाकावी, यावर माझं अजून ठरत नाही.